पाठीवर कवटी असलेला पतंग: स्टिक्स की लॅकेसिस?

मधपेटीजवळ सापडलेल्या, पाठीवर कवटीसारखी नक्षी असलेल्या पतंगाचा फोटो पाठवून तो 'ॲट्रोपॉस' (ॲकेरॉन्शिया वंशातली एक जात) आहे का, असं तुम्ही विचारलंय. नाही. ॲट्रोपॉस आफ्रिका, युरोप आणि पश्चिम आशियात सापडतो. भारतातल्या फोटोसाठी पर्याय त्याच वंशातल्या दोनच जातींचे, ॲकेरॉन्शिया स्टिक्स किंवा ॲकेरॉन्शिया लॅकेसिस.

कवटीवरून मात्र ठरवू नका. ती छातीच्या पाठीवरच्या खवल्यांची नक्षी. मधासाठी पोळ्यात घुसताना खवले घासले जातात आणि जुन्या पतंगावर नुसता तपकिरी डाग उरतो. कवटीच्या लगेच वर तांबूस भाग असेल तर लॅकेसिसची शक्यता वाढते, एवढंच.

खरी ओळख मागच्या पंखांवर, आणि तुमच्या फोटोत नेमके तेच पुढच्या पंखांखाली झाकले गेलेत. बारीक काडीने हलकं डिवचलं की हा पतंग पंख उचलतो आणि सोंडेतून हवा आतबाहेर करत चिरकतो. फोटो तेव्हाच काढा. पिवळ्या पंखावर दोन काळे पट्टे आणि मागच्या कोपऱ्यात काळ्याने वेढलेला पुसट निळा ठिपका दिसला तर स्टिक्स. पंखाचा बुडाकडचा मोठा भाग काळा आणि पिवळा रंग कमी असेल तर लॅकेसिस. दुसरी खूण पोटाच्या खालच्या बाजूला: लॅकेसिसचे काळे पट्टे खालीही पोचतात, स्टिक्सचं पोट खालून बहुधा पिवळंच. आकाराचा भरवसा धरू नका. लॅकेसिस सहसा मोठा, पण मापं एकमेकांत मिसळतात.

पतंग मेलेला असेल तर वाळलेले पंख ओढू नका, बुडातून तुटतात. बंद डब्यात ओलसर टिश्यूवर, पतंगाला पाणी लागणार नाही असा, एक-दोन दिवस ठेवा, म्हणजे पंखांचे सांधे मऊ होऊन ते उघडता येतील, आणि डबा रोज उघडून बघा. जास्त राहिला की बुरशी धरते.

वर्गीकरणाचं म्हणाल तर कुळ स्फिंजिडी, उपकुळ स्फिंजिनी. ॲट्रोपॉसला लिनियसने १७५८ मध्ये आणि लॅकेसिसला फॅब्रिशियसने १७९८ मध्ये नाव दिलं, दोन्ही तेव्हा 'स्फिंक्स' वंशात. ॲकेरॉन्शिया हा वेगळा वंश १८०९ चा. याच उपकुळात ॲग्रियस कॉन्व्हॉल्व्हुली हा दुसऱ्या वंशातला पतंग येतो, ज्याच्याशी नवखे गल्लत करतात. त्याच्या पोटावर गुलाबी-काळे पट्टे असतात आणि सोंड शरीरापेक्षा लांब. ॲकेरॉन्शियाची सोंड आखूड, जाड आणि टोकदार, मेणाचं झाकण भोसकून मध ओढण्याजोगी. पुढच्या फोटोत सोंडही घ्या, म्हणजे निदान वंशाबद्दल वाद राहणार नाही.