वडिलांची १९८५ ची प्रीमियर पद्मिनी आठ वर्षं बंद उभी आहे. घरच्या घरी रिस्टोअर करता येईल का? सुरुवात कुठून करू?

येईल. फक्त इंजिनाची भीती सोडा आणि पत्र्याची धरा.

जुनी गाडी दिसली की जो तो बोनेट उघडून विचारतो, “इंजिन जाम आहे का हो?” मीही तेच केलं होतं. पद्मिनीचं इंजिन साधं आहे: चार सिलिंडर, ६८ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ७५ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), १०८९ सीसी. एका बाजूला कार्ब्युरेटर, प्लगना ठिणगी वाटून देणारा एक डिस्ट्रिब्युटर, बास. बोअर वाढवून देणारे, हेडचं (इंजिनाच्या वरच्या भागाचं) फेसिंग करून, म्हणजे तासून सपाट करून देणारे आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात दोन गल्ल्यांत भेटतात. कुजलेला पत्रा कापून त्याच वळणाचा नवा ठोकून देणारा मिस्त्री मात्र शोधावा लागतो, आणि भेटला तरी त्याच्या तारखा लग्नाच्या हॉलसारख्या असतात.

माझी गाडी १९८६ ची, मामांची. इचलकरंजीजवळ मळ्यातल्या शेडमध्ये नऊ वर्षं उभी होती. वरून बघाल तर झकास, धूळ पुसली की रंग चमकायचा. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं आणि स्क्रू ड्रायव्हरने सहज टोचून पाहिलं, तर तो मुठीपर्यंत आत गेला. भोकातून खाली पाहिलं तर शेडच्या फरशीवरून मुंग्यांची रांग चालली होती. मॅटखाली जुनं तागाचं पोतं होतं. ते नऊ पावसाळे ओल धरून बसलं होतं, त्यानेच फ्लोअर खाल्ला.

तेव्हा तुमची पहिली सकाळ एक स्क्रू ड्रायव्हर आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन काढा. दाराची खालची कड, दाराखालचा उंबरा, चाकांवरच्या कमानी, हेडलाइटच्या मागे मडगार्डच्या आत, बॅटरीखालचा ट्रे, डिकीत स्टेपनीची जागा, आणि मागचे पाटे जिथे बॉडीला अडकवलेत ती जागा. चुंबक जिथे धरत नाही तिथे पत्रा नाही, कुणीतरी भरलेली पुटी आहे. फ्लोअर आणि उंबरे गेले असतील तर काम होतं. पाट्यांच्या जागाच कुजल्या असतील तर थांबा आणि एखादी बरी बॉडी विकत मिळते का बघा. पैसे कमीच जातील.

पत्र्याआधी कागद, हे मी उलटं केलं आणि पस्तावलो. आरसी बुकावरचा चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर जाऊन प्रत्यक्ष वाचून घ्या. त्या काळात बऱ्याच पद्मिन्यांत दुसरं इंजिन, काहींत तर डिझेल इंजिन बसवलेलं असतं. नंबर जुळत नसेल तर ते आधी निस्तरा. वडील हयात नसतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, नोंदणीच्या नूतनीकरणाला फॉर्म २५, शिवाय पर्यावरण कर. दिल्लीतला पंधरा वर्षांचा नियम महाराष्ट्राला लागू नाही. इथे फिटनेस पास झाली की पाच वर्षांसाठी नोंदणी मिळते. आणि कुणी सांगेल ‘व्हिंटेजमध्ये टाका’, तर २०२१ च्या नियमाप्रमाणे त्याला गाडीच्या पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली लागतात. तुमची २०३५ ला होईल. तशी गाडी रोज वापरताही येत नाही, म्हणजे तुमच्या कामाचं नाही.

आता माझी चूक. मिस्त्रीने तारीख दिली नव्हती, मला दम नव्हता. एका शनिवार-रविवारी चारही दारं, काचा, लॉक, डॅशबोर्ड, वायरिंग सगळं उतरवलं. नट-बोल्ट एका श्रीखंडाच्या डब्यात. दीड वर्षाने जोडायला बसलो तेव्हा मागच्या डाव्या दाराच्या लॉकची स्प्रिंग कुठली आणि पुढच्या उजव्याची कुठली, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. ते दार आजही आतूनच उघडतं. एका वेळी एकच भाग खोला, मोबाइलवर फोटो काढा, पिशवीवर मार्करने लिहा, तो भाग जोडून झाल्यावरच पुढचा.

माझा क्रम आता असा असेल: आधी ब्रेक, मग पत्रा, मग इंजिन, रंग सगळ्यात शेवटी. ब्रेक आधी एवढ्यासाठी, की ढकलत मिस्त्रीकडे नेलेली गाडी उतारावर थांबली तरी पाहिजे. चारही चाकांना ड्रम आहेत. व्हील सिलिंडर, म्हणजे ड्रममधले ब्रेक शूज दाबणारे छोटे सिलिंडर, जाम झालेले असणार, कारण ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. होज आणि रबरी किट सरळ नवी घाला. ड्रममधली काळी भुकटी फुंकू नका, जुन्या शूजमध्ये अॅस्बेस्टॉस असायचा. ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा. आणि गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, खाली लोखंडी घोडी ठेवा. मी आमच्या गल्लीतल्या पोरांना हे एवढं सांगतो की ती मला घोडीकाकाच म्हणतात.

ब्रॅकेट, बिजागऱ्या, नट-बोल्ट असल्या गंजलेल्या सुट्या वस्तूंसाठी महागडं केमिकल आणलं नाही. मामांकडे म्हशींच्या खाद्यात मिसळायला उसाची मळी (मोलॅसिस) असते. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी, प्लॅस्टिकच्या बादलीत पंधरा दिवस. बाहेर काढल्यावर पत्रा करडा, स्वच्छ. गंज पाण्यात उतरलेला. लगेच धुवून, वाळवून तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर तासाभरात पुन्हा लाल. वास असा येतो की घरच्यांनी बादली गच्चीवर पाठवली होती. पण कार्ब्युरेटर किंवा अॅल्युमिनियमची कुठलीही वस्तू त्यात टाकू नका, खाऊन टाकते.

वेल्डिंग करून उघडा पडलेला पत्रा मृग निघायच्या आत इपॉक्सी प्रायमरखाली गेला पाहिजे. आमच्याकडच्या पावसात उघडा पत्रा एका रात्रीत पिवळा पडतो आणि उन्हाळाभर घासलेलं वाया जातं. पेट्रोलची टाकी रिकामी आहे म्हणून तिला वेल्डिंग लावू देऊ नका. आतल्या वाफेनेच ती फुटते. शेवटचा रंगही घरी मारू नका. हल्लीच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगातला हार्डनर फुप्फुसांना वाईट असतो, साध्या मास्कने भागत नाही. घासकाम घरी, रंग बूथमध्ये.

इंजिन जाम असेल तर लगेच स्टार्टर मारू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल ओता, आठवडाभर सोडून द्या. मग क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या पुढच्या टोकाच्या चाकाच्या) नटला पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे. माझं सातव्या दिवशी अर्धा इंच हललं. मी एवढ्या जोरात ओरडलो की मामी शेडकडे धावत आल्या. सुटल्यावरही आधी ऑइल बदला, नवीन फिल्टर घाला, मग स्टार्ट करा. हेड उघडलंत तर लक्षात ठेवा, ते अॅल्युमिनियमचं आहे. गाडी तापवून चालवलेली असेल तर हमखास वाकलेलं असतं. फेसिंग करून घ्या, बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टॉर्क पान्याने, दोन-तीन टप्प्यांत आवळा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं असणारच, नवीन हार्नेस टाका आणि मोकळे व्हा. पेट्रोल पाइप इथेनॉल सोसणारे घ्या, जुनं रबर आताच्या पेट्रोलने फुगतं.

पार्ट अजून मिळतात. मुंबईच्या टॅक्सीने हा बाजार जगवला होता, पण तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात वीस वर्षांची होऊन बंद झाली, आणि तेव्हापासून माल आटतोय असं मला दुकानांत जाणवतं. काचेचं बीडिंग, स्टीअरिंगखालच्या गिअरचे बुश आणि व्हील सिलिंडर किट दिसले की दोन-दोन घेऊन ठेवा. गिअरचे ते बुश झिजले की लिव्हर मध्येच अडकतो आणि भर चौकात उतरून बोनेट उघडायची वेळ येते.

खर्च विचाराल, तर तेही सांगतो. माझे तीन वर्षांत अडीच लाखांच्या आसपास गेले, त्यात निम्म्याहून जास्त पत्रा आणि रंग. विकायची म्हटली तर एवढे येणार नाहीत, हे बायकोला सांगायचं अजून राहिलंय.

रस्त्यावर आली की पहिले पाचशे किलोमीटर रेटू नका. डिकीत पाण्याचा कॅन, फॅन बेल्ट, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट आणि कंडेन्सर ठेवा. माझी अजूनही करूळ घाट चढताना तापते. गगनबावड्याला चहाच्या टपरीपाशी उभी करतो, बोनेट उघडं टाकतो, आणि दोन कप होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावत नाही.