‘मला काहीच येत नाही’ म्हणणारी बीएसडब्ल्यूची मुलगी

मी समुपदेशन करते. बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे एक प्रश्न दरवर्षी येतो. “मॅडम, पोरगी बीएसडब्ल्यू करते म्हणते. त्यात शिकवतात तरी काय?” आईवडिलांच्या मनात तेव्हा नर्सिंग असतं, बीएस्सी असतं, निदान डीएड तरी असतं. समाजकार्याची पदवी म्हणजे त्यांना समाजसेवा वाटते, आणि समाजसेवेला फी कशाला भरायची, हे त्यांना कळत नाही.

गेल्या डिसेंबरात मात्र हाच प्रश्न उलट्या बाजूने आला. (मुलीच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वडील एसटीत कंडक्टर, गाव सोलापूरपासून तासाभरावर. आई तिला घेऊन आली होती. मुलगी बीएसडब्ल्यूच्या तिसऱ्या वर्षाला, पाचव्या सत्राची परीक्षा नुकतीच संपलेली, आणि ती म्हणत होती, कॉलेज सोडायचं. सहा महिन्यांवर पदवी आली असताना.

“हिला समजवा वं जरा,” आई म्हणाली. “अडीच वर्षं खोलीचं भाडं भरलंय.”

मुलगी बराच वेळ गप्प बसली. मग एकदम बोलली. “माझी मैत्रीण नर्सिंगला आहे, तिला सलाईन लावता येतं. चुलतभाऊ आयटीआयचा, तो मोटार भरतो. मला काय येतं? लोकांच्या घरी जाऊन चौकशा करता येतात. दिवाळीत मोठे काका सगळ्यांसमोर म्हणाले, गाडगेबाबांनी कुठली डिग्री घेतली होती? मला उत्तर देता आलं नाही.”

इथे मी चूक केली, ती सांगून टाकते. मी उत्तर द्यायला लागले. म्हटलं, या देशात समाजकार्याचं शिक्षण १९३६ साली मुंबईत सुरू झालं. नागपाड्याच्या वस्तीत काम करणारे क्लिफर्ड मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक, आणि तीच संस्था आज आपण टीस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणून ओळखतो. पुढे अभ्यासक्रम सांगितला. समाजशास्त्र, मानसशास्त्र, माणसाची वाढ आणि विकास, संविधान. मग व्यक्ती सहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन या पद्धती. त्यानंतर समाजकल्याण प्रशासन, संशोधन, आणि कायदे: २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा, मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२ चा पोक्सो, २०१५ चा बालन्याय कायदा. मुलगी खिडकीबाहेर बघत होती. हे सगळे पेपर तिने दिलेले होते. तिचाच अभ्यासक्रम मी तिला वाचून दाखवत होते.

दहा मिनिटांनी शहाणपण सुचलं. म्हटलं, “फिल्डवर्कच्या वह्या आहेत?”

“आहेत. खोलीवर.”

“पुढच्या वेळी पहिल्या वर्षाची आणि आत्ताची, दोन्ही आण.”

बीएसडब्ल्यूचं खरं पुस्तक ही वहीच असते, म्हणून थोडं सांगते. आठवड्यातले साधारण दोन दिवस विद्यार्थी वर्गात नसतात. शाळा, दवाखाना, बालगृह, वस्ती, एखादी संस्था, जिथे नेमणूक असेल तिथे ते जातात. आल्यावर अहवाल लिहायचा: कोणाला भेटलो, काय पाहिलं, काय बोललो, मला काय वाटलं. घरांची नावं त्यात लिहीत नाहीत, नुसतं अक्षर लिहितात. प्राध्यापक तो तपासतात आणि मग विद्यार्थ्याला एकट्याला समोर बसवून त्यावर बोलतात. मुलं त्याला ‘आयसी’ (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स) म्हणतात. आयसी म्हटलं की निम्म्या मुलांच्या पोटात गोळा येतो, कारण तिथे पाठांतराचा उपयोग नसतो.

दुसऱ्या खेपेला ती वह्या घेऊन आली. आई बाहेर बसली. पहिल्या वर्षाची वही उघडली. अक्षर वळणदार, समास आखलेला, वर ‘उद्दिष्ट’ हिरव्या शाईने. यंत्रमाग कामगारांच्या वस्तीतली एक भेट होती:

“श्रीमती प यांच्या घरी गृहभेट दिली. त्यांचा मुलगा शाळेत जात नाही. आई निष्काळजी असल्याचे दिसून आले. त्यांना शिक्षणाचे महत्त्व पटवून दिले. त्यांनी होकार दिला.”

समासात तिच्या मॅडमनी लाल पेनने चार ठिकाणी एकच शब्द लिहिला होता: ‘कशावरून?’ ‘निष्काळजी’च्या बाजूला. ‘पटवून दिले’च्या बाजूला. ‘होकार दिला’पाशी तर आणखी एक ओळ होती: “बाई तेव्हा काय करत होत्या? त्यांचे हात थांबले का?”

मुलगी हसली. त्या दिवसातलं तिचं पहिलं हसू. “त्या धुणं धूत होत्या. हात थांबलेच नव्हते. हो हो म्हणत होत्या, मी जावं म्हणून.”

मग या वर्षाची वही. अक्षर घाईचं, समास नाही, एका पानावर चहाचा डाग. नेमणूक विडी कामगारांच्या वसाहतीत. सोलापुरात हजारो बायका घरीच विड्या वळतात. तेंदूची पानं भिजवायची, पत्र्याच्या मापाने कापायची, तंबाखू भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा, टोकं दुमडायची, आणि सकाळी माल विडी कंपनीच्या ब्रँचला नेऊन द्यायचा. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. तिची नोंद अशी:

“श्रीमती क. मांडीवर सूप. मुलगी (वय ११) शेजारी बसून टोकं दुमडत होती. मला पाहून मुलीने हात पाठीमागे घेतले. मी शाळेचं विचारलं नाही. ब्रँच किती वाजेपर्यंत माल घेते ते विचारलं. सकाळी दहा. उशीर झाला तर माल परत. मुलगी सकाळच्या शाळेत आहे. आठवड्यात दोन-तीन दिवस बुडते. दुपारची शाळा असती तर, असं विचारलं. बाईंचे हात थांबले. म्हणाल्या, ‘तसं देतात का?’ मी म्हटलं, माहीत नाही, विचारून सांगते.”

समासात लाल शाई नव्हती. खाली नुसती सही.

मी दोन्ही वह्या शेजारीशेजारी ठेवल्या आणि काही बोलले नाही. खूप वेळाने ती म्हणाली, “हे तर काय, साधंच विचारलंय.”

साधं! माझ्याकडे पंधरा-पंधरा वर्षं नोकरी केलेले शिक्षक येतात, मुलांचे आईवडील येतात, त्यांना हा प्रश्न विचारता येत नाही. समोरच्या माणसाला सुधारायची घाई आवरायची, त्याच्या दिवसाचं वेळापत्रक आधी समजून घ्यायचं, आणि माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणायचं, एवढं अंगवळणी पडायला तिला अडीच वर्षं लागली होती. सलाईन लावलेलं दिसतं. हे दिसत नाही, शिकणाऱ्यालाही नाही. पहिल्या वर्षी ही मुलगी विसाव्या मिनिटाला त्या घरातून बाहेर पडली असती, उपदेश करून, समाधानाने.

गाडगेबाबांचंही मग तिच्याशी बोलले. बाबांकडे डिग्री नव्हती हे खरंच. पण त्यांचं कीर्तन आठवावं. ते सांगत कमी आणि विचारत जास्त. लोकांकडूनच उत्तर काढून घ्यायचे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बांधली आणि पुढे बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. काम उभं करायचं आणि ते दुसऱ्याच्या हाती सोपवून निघायचं, याला पाठ्यपुस्तकात मोठमोठी नावं आहेत. गाडगेबाबा रोज जन्माला येत नाहीत म्हणून कॉलेजं काढावी लागतात, असं काकांना सांग म्हटलं. तिने सांगितलं की नाही, ठाऊक नाही.

पण एवढ्याने ती मोकळी झाली नव्हती. ‘मला काही येत नाही’ म्हणणाऱ्या मुलांच्या मागे बहुतेक वेळा एखादी नेमकी गोष्ट अडकलेली असते. “विचारून सांगते म्हणालीस. मग?” मी म्हटलं.

तिथे तिचा चेहरा उतरला. ती शाळेत गेली होती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, दिवाळीनंतर बघू. दरम्यान आयसीमध्ये मॅडमशी तिचा वाद झाला. १९८६ च्या बालकामगार कायद्यात विडी वळण्याचं काम मुलांना मनाई केलेल्या यादीत आहे, हे ती शिकली होती. मग १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन का नाही करायचा? मॅडमचं म्हणणं, कायदा आहेच, पण उद्या त्या गल्लीतली सगळी दारं तुला बंद होतील आणि मुलगी मागच्या खोलीत बसून वळेल. आधी शाळेची वेळ बदलते का बघ. या वादात बरोबर कोण, यावर माझं मत आजही पक्कं नाही. पण विशीतली मुलगी कायद्याचं कलम आणि समोरचं घर दोन्ही हातात धरून भांडतेय, हेही त्या पदवीतच घडतं. कुठल्याही पेपरात त्याला गुण नाहीत.

आणि मग सत्र संपलं. परीक्षा लागली, फिल्डवर्क बंद झालं. श्रीमती कंना तिने काहीच सांगितलं नाही.

“त्या वाट बघत असतील,” ती म्हणाली, आणि रडायला लागली. “मी अशीच आहे. जाते, विचारते, वहीत लिहिते, मार्क घेते. त्यांना काय मिळालं?”

अडकलेली गोष्ट हीच होती. समाजकार्यात निरोप घेणं हा शिकवायचाच भाग आहे. काम कुठवर आलं, पुढे कोण बघणार, हे समोरच्याला सांगून निघायचं असतं. तिच्या कॉलेजात त्या धावपळीत ते राहून गेलं होतं. दोष एकट्या तिचा नव्हता, पण ओझं तिच्या एकटीवर आलं होतं. मी तिला एवढंच सुचवलं की मॅडमना सांगून एकदा जाऊन ये. आणि रिकाम्या हाताने जायची वेळ आली तरी ते रिकामे हात दाखवून ये.

आईला आत बोलावलं तेव्हा तिचा प्रश्न वेगळा आणि तितकाच रास्त होता: नोकरीचं काय? तिथे गोड बोलण्यात अर्थ नाही. नुसत्या बीएसडब्ल्यूवर संस्थांमध्ये क्षेत्र कार्यकर्ता, बाल संरक्षणात सामाजिक कार्यकर्ता अशी कामं मिळतात. बहुतेक कंत्राटी, आणि सुरुवातीचा पगार बेताचा. सरकारी रुग्णालयातलं समाजसेवा अधीक्षक किंवा कौटुंबिक न्यायालयातलं समुपदेशकपद हवं असेल तर आणखी दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू करायची तयारी ठेवावी लागते. पदवी कोणतीही चालते अशा स्पर्धा परीक्षा आहेतच. “म्हणजे अजून दोन वर्षं भाडं,” आई म्हणाली. हो, म्हटलं. तिने मान डोलावली. हात थांबले होते का, ते मी बघितलं नाही.

प्रवेशाच्या वेळी येणाऱ्या पालकांनाही आता मी अभ्यासक्रम सांगत नाही. तो सगळीकडे सारखाच छापलेला असतो. मी म्हणते, कॉलेजात जा, तिसऱ्या वर्षाची दोन मुलं गाठा आणि विचारा, तुमचे फिल्डवर्कचे अहवाल कोण वाचतं? आयसी शेवटची कधी झाली? मुलं एकमेकांकडे बघून हसली तर दुसरं कॉलेज बघा. सीनियरची वही उतरवून काढायची आणि महिन्याच्या शेवटी गठ्ठ्याने सह्या घ्यायच्या, अशी कॉलेजंही आहेत. तिथे तीन वर्षांत मुलाला ‘पटवून दिले’ एवढंच लिहिता येतं. आणि ज्याला चार लोकांनी वाहवा करावी म्हणून या क्षेत्रात यायचंय, त्याने तर येऊच नये. या कामात वाहवा कमी आणि बंद दारं जास्त.

जानेवारीत ती एकटी आली. कॉलेज चालू होतं. सहज भेटून जावं म्हणून आले, म्हणाली. पिशवीत वही होतीच. श्रीमती कंच्या घरी मॅडमना घेऊन जाऊन आली होती. शाळेने दुपारच्या वर्गाचं अजून नक्की केलं नव्हतं. जूनमध्ये होईल म्हणतात. पुढच्या सत्राला त्या वसाहतीत दुसरी विद्यार्थिनी येणार, तिची गाठ घालून दिली. नोंद अर्ध्या पानाची. शेवटच्या ओळीत ‘बाई खूश झाल्या’ असं लिहून तिने स्वतःच खोडलं होतं. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं: “बाईंनी चहा केला. सूप बाजूला ठेवून बसल्या.”