मालिकेत काळप्रवासाचा ट्रॅक, म्हणजे कथेचा धागा, पहिल्यांदाच लिहिताय?

घाबरू नकोस. गोरेगावच्या सेटवर मी असे ट्रॅक लिहिलेत. सुरुवातीला तीनच गोष्टी सांभाळ.

१. भूतकाळ बदलतो की नाही, हे पहिला सीन लिहिण्याआधी ठरव. बदलत असेल, तर आजोबांचा पेच येणारच: नातवाने आजोबांचं लग्न मोडलं, तर नातू आला कुठून? बदलत नसेल, तर दुर्घटना टाळायची नायिकेची धडपडच नेमकी ती दुर्घटना घडवते. मला हा दुसरा नियम फार आवडतो. ती जिवाच्या आकांताने धावते आणि शेवट आपल्याला माहीत असतो. नवखे लेखक हा नियम शंभराव्या भागात सोयीने फिरवतात. ते करू नकोस, प्रेक्षक दुखावतो.

अमेरिकेतल्या 'डार्क शॅडोज' (१९६६-७१) या रोजच्या मालिकेत नायिका व्हिक्टोरिया प्लँचेटच्या बैठकीतून थेट १७९५ मध्ये पोचते आणि तिच्या जागी त्या काळातली फिलिस विक प्रकटते. व्हिक्टोरियासोबत गेलेलं घराण्याच्या इतिहासाचं पुस्तकच पुढे तिला चेटकीण ठरवणाऱ्या खटल्यात तिच्यावर उलटतं. एका वस्तूने केवढं काम केलं बघ!

२. वही ठेव. प्रत्येकाचं जन्मसाल, लग्न, मृत्यू आणि कोणाला काय कळलंय ते लिही.

३. शहराची सालं तपास. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी १८५३ मध्ये सुटली, घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये आली. १८५० च्या मुंबईत इंजिनाची शिट्टी नको.

समांतर विश्वांना, म्हणजे आपल्या जगासोबतच असलेल्या दुसऱ्या जगांना, सध्या हात लावू नकोस. पहिले दहा भाग लिहिलेस की वही घेऊन ये, एकत्र बसून बघू.