गोठलेलं खोबरेल आणि देकार्तचं मेण

प्रश्न : सर, कॉलेजात तत्त्वज्ञान घेतलंय. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त म्हणतो, मेण विस्तवाजवळ नेलं की त्याचा रंग, वास, आकार सगळं जातं, तरी ते तेच मेण हे आपल्याला कळतं. म्हणजे वस्तू इंद्रियांना कळत नाही, बुद्धीला कळते. मला हे पटत नाही आणि खोडताही येत नाही.
– एक विद्यार्थिनी, साखळी

उत्तर : सध्या आमच्या फोंड्यात पहाटे गारठा असतो. न्हाणीघरातलं खोबरेल बाटलीत घट्ट, पांढरंफटक होतं. उन्हात ठेवलं की पुन्हा पाण्यासारखं नितळ. साधारण २४ अंशांच्या वर ते वितळतं. देकार्तनं १६४१ साली मेण घेतलं, तू ही बाटली घे.

आधी माझी एक चूक सांगतो. एकदा मी बाजारातून सुटं तेल आणलं. सकाळी दगड झालेलं बघून आईला म्हटलं, ‘‘बघ, गोठलंय, म्हणजे अस्सल.’’ आईची नजर मोतीबिंदूनं अधू झालेली. तिनं बोटाच्या टोकानं कणभर काढलं, तळहातावर चोळून वितळवलं, नाकाशी नेलं आणि म्हणाली, ‘‘यात दुसरं काहीतरी मिसळलंय.’’ मग घाण्यावरचं तेल तसंच चोळून माझ्या नाकाशी धरलं. फरक मलाही कळला.

चूक डोळ्यांची नव्हती. तेल खरंच गोठलं होतं. चुकलं माझं अनुमान. ‘जिथं धूर तिथं अग्नी’ अशा कायमच्या संबंधाच्या नियमाला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे विचारवंत, व्याप्ती म्हणतात. ‘जे गोठतं ते शुद्ध खोबरेल’ ही माझी व्याप्तीच खोटी, कारण पामतेलही थंडीत गोठतं. ती खोटी आहे हे दाखवलं आईच्या नाकानं, आणि तेही दुसरं तेल शेजारी ठेवून. गौतमाच्या न्यायसूत्रांत प्रत्यक्ष (इंद्रियांनी कळणं), अनुमान, उपमान (साम्यावरून कळणं), शब्द (विश्वासू माणसाचं सांगणं) अशी चार प्रमाणं, म्हणजे खरं ज्ञान मिळवण्याची साधनं, आहेत आणि प्रत्यक्षाला ‘अव्यभिचारी’ असण्याची अट आहे, म्हणजे वस्तू जशी असेल तशीच ती कळली पाहिजे. डोळ्याला दिसलं म्हणजे झालं, असं नैयायिकही म्हणत नाहीत.

देकार्तचं एक म्हणणं मात्र मी मान्य करतो. ‘तेच’ हा शब्द डोळ्याला दिसत नाही. सकाळचं पांढरं आणि दुपारचं नितळ यांना जोडतं ते मन. पण ते कशाच्या जोरावर जोडतं? बाटली जागची हलली नाही हे मी पाहिलेलं असतं, शेकडो हिवाळ्यांत नव्हे, पण पुरेशा हिवाळ्यांत पाहिलेलं असतं. ही शिदोरी काढून घेतली तर नुसत्या बुद्धीला ‘तेच’ म्हणता येणार नाही.

आणखी एक. त्याच्या मेणाचा वाससुद्धा उडतो, म्हणून इंद्रियांच्या हाती काहीच उरलं नाही असं त्याला म्हणता आलं. खोबरेलाचा वास वितळल्यावर उलट जास्तच येतो. उद्या सकाळी डोळे मिटून बाटली उघड, दुपारी पुन्हा उघड, आणि काय ओळखू आलं ते मला लिही. मग रिफाइंड, बिनवासाचं तेल घेऊन तेच कर. तिथं देकार्तची बाजू बळकट होते. त्यावर तुझं उत्तर काय, तेही लिही.