मोर्चा ऑफिसवर ने, घरावर नको

अगं, तुझा मेसेज तीनदा वाचला. साहेबांच्या बंगल्यासमोर बसायचं ठरवलंत आणि आदल्या रात्री पोलिसांनी १४९ ची नोटीस, म्हणजे गुन्हा होऊ नये म्हणून आधीच दिलेली ताकीद, हातात दिली (नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती १६८ झालीय, आमच्या तोंडात अजून १४९ च), आणि तू विचारतेस की रस्ता सरकारी, घटनेच्या १९ व्या कलमात शांततेनं जमायचा हक्क आहे, मग घरासमोर का नाही. घरावर जाऊ नकोस. ऑफिसवर जा.

मी गेलोय म्हणून सांगतो. सहा महिने पगार अडकलेले, आम्ही साठेक जण संध्याकाळी साडेसातला एका अधिकाऱ्याच्या दारात. घोषणा जरा थांबली की आतून कुकरची शिट्टी ऐकू यायची. मग त्याची म्हातारी आई एकेक खिडकी लावायला लागली, शेवटची लागेना, दोन्ही हातांनी ओढत होती बिचारी आणि आम्ही खालून तिच्याकडे बघत मुर्दाबाद ओरडतोय. साहेब घरी नव्हताच. दुसऱ्या दिवशी पेपरात पगाराची एक ओळ नाही, सगळी बातमी त्या म्हातारीची. ८ एप्रिल २०२२ ला शरद पवारांच्या सिल्व्हर ओक बंगल्यावर तेच झालं, चपला-दगड पडले, सुप्रिया सुळे हात जोडून बोलू या म्हणतायत, कोण ऐकणार, आणि पाच महिने संप केलेल्या एसटीवाल्यांचं दुखणं बाजूला राहून शंभरावर जण अटकेत.

कायद्याचं म्हणशील तर अमेरिकेतलं ब्रुकफिल्डचं प्रकरण वाच. १९८५ मध्ये गर्भपात करणाऱ्या एका डॉक्टरच्या घरासमोर कधी ११ तर कधी ४० च्या वर माणसं तास-दीड तास उभी राहायची, गावानं बंदी घातली, १९८८ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं ६ विरुद्ध ३ नं ती टिकवली. पण नीट वाच हं, एकाच घराला धरून उभं राहायला बंदी, वस्तीतून मोर्चा न्यायला किंवा दारोदार पत्रकं वाटायला नाही. इतका नेमका कायदा असेल तर मला मान्य आहे. आपल्याकडे मात्र महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ नाहीतर नव्या संहितेचं १६३ (जुनं १४४), जमावबंदी लावली की घर, ऑफिस, चौक सगळं एकाच पांघरुणाखाली. त्याच्याशी भांड, जोरात भांड. पण घरावर जाऊन नको.

आणि आम्ही काही हौसेनं गेलो नव्हतो. चौदा निवेदनं दिली, दरवेळी साहेब मीटिंगमध्ये, पोच सुद्धा द्यायचे नाहीत, पोरांच्या फिया थकलेल्या, मग माणूस घराचा पत्ता शोधतोच ना? तूही त्यामुळेच शोधलास, कळतंय मला. पण पगार कशानं झाला माहितीये? ऑफिसच्या पायरीवर अकरा दिवस बसलो, साहेबाला रोज आमच्यामधनं वाट काढत आत जावं लागायचं, बाराव्या दिवशी चेक निघाले. हे आधी का नाही सुचलं, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

नोटीस फाडू नकोस, पोरांनाही सांग. उद्या सकाळी आवक-जावकला निवेदन दे आणि शिक्का मारल्याशिवाय टेबलावरून हलू नकोस. रविवारी नोटीस घेऊन घरी ये, वकिलांना बोलावून ठेवतो.