वाचकांचे प्रश्न: सिगारेट सोडली, तरी दम का लागतो?

या महिन्यात फुफ्फुसांबद्दलच इतके प्रश्न आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न: वडलांचं वय ६७. तीस-पस्तीस वर्षं रोज एक पाकीट ओढायचे, मागच्या दिवाळीत सोडली. तरी जिना चढताना दम लागतोच, डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका आणि फुफ्फुसांचा जुनाट आजार, आणि त्यातलाच एम्फिसीमा सांगितलाय. नातेवाईक व्हॉट्सॲपवर फुफ्फुसं साफ करणाऱ्या काढ्याचे मेसेज पाठवतात, खरंच साफ होतात का? आणि बाबा म्हणतात जे व्हायचं ते झालंय, मग सोडून काय मिळालं? त्यांना काय सांगू? – एक वाचक, सातारा

उत्तर: काढ्याचं आधी सांगते, नाही होत. त्यावर पैसे घालवू नका. का नाही होत हे नीट समजून घेतलंत तर बाबांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच सापडेल.

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात ते काळं पडलेलं फुफ्फुस बसलंय, त्यामुळे वाटतं आत काजळी साचलीय, ती धुतली की झालं. काजळी साचते हे खरंय, पण एम्फिसीमात दम लागतो त्याचं कारण वेगळंय. माणसाच्या फुफ्फुसात साधारण ४८ कोटी वायुकोश असतात, हवेच्या अगदी बारीक पिशव्या, आणि त्यांच्या पातळ भिंतींमध्ये इलॅस्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. श्वास घेतला की ताणायचं, सोडला की परत जागेवर यायचं, पायजम्याच्या इलॅस्टिकसारखं. एम्फिसीमात हे धागे तुटतात, भिंती जातात, बऱ्याच लहान कोशांचा मिळून एक मोठा ढिला कोश होतो, मग हवा आत तर जाते पण सगळी बाहेर येत नाही. बाबांच्या श्वासाकडे लक्ष देऊन बघा, घेण्यापेक्षा सोडायलाच जास्त वेळ लागत असेल.

हे धागे कापतात आपल्याच पेशी. धूर आत गेला की मॅक्रोफेज नावाच्या पेशी तो गिळायला जमतात, त्या इंटरल्यूकिन-८ सारखी रसायनं सोडतात, त्या रसायनांच्या मागे रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी फुफ्फुसात शिरतात. न्यूट्रोफिलकडे इलॅस्टेज नावाचं एन्झाइम असतं आणि मॅक्रोफेजकडे एमएमपी-१२ नावाचं, दोन्ही इलॅस्टिन कापू शकतात. जंतूंशी लढताना ही एन्झाइम्स लागतातच, फक्त ती वेळेत थांबवावी लागतात, आणि इलॅस्टेजला थांबवायचं काम मुख्यतः अल्फा-१ अँटिट्रिप्सिन करतं, जे लिव्हरमध्ये तयार होऊन रक्तातून फुफ्फुसात येतं.

हे कळलं कसं तेही सांगायलाच हवं. स्वीडनमध्ये माल्मोला कार्ल-बर्टिल लॉरेल रक्तातली प्रथिनं वेगळी करून तपासत होते, सुमारे दीड हजार नमुन्यांत पाच असे निघाले की ज्यात याच अल्फा-१ अँटिट्रिप्सिनचा पट्टा जवळपास गायबच होता. त्यांनी आणि स्टेन एरिक्सन यांनी त्या पेशंटांचा शोध घेतला तर पाचापैकी तिघांना फुफ्फुसाचा आजार, तोही कमी वयात. १९६३ साली हे छापून आलं. पुढे दोनच वर्षांत अमेरिकेत उंदरांच्या फुफ्फुसात पपईच्या चिकातलं पपेन, म्हणजे प्रथिनं कापणारं एन्झाइम, सोडून बघितलं, तर त्यांना एम्फिसीमा झाला. मग १९९७ साली ज्यांच्यात एमएमपी-१२ चं जीनच काढून टाकलंय अशा उंदरांना कित्येक महिने सिगारेटचा धूर दिला, आणि त्यांना एम्फिसीमा झालाच नाही, साध्या उंदरांना मात्र झाला. मला हा सगळा प्रवास फार मोलाचा वाटतो, कारण तोवर बऱ्याच जणांना वाटायचं की फुफ्फुस नुसतं झिजतं.

बाबांच्या बाबतीत अल्फा-१ अँटिट्रिप्सिन जन्मापासून कमी असण्याची शक्यता फार थोडी आहे, तो दोष उत्तर युरोपातल्या लोकांत जास्त दिसतो. पण धूर दुसऱ्या वाटेनं तेच घडवतो. या प्रथिनाच्या साखळीत ३५८ व्या जागी मेथिओनिन नावाचं अमिनो आम्ल असतं, नेमकं तिथेच इलॅस्टेज अडकतं, आणि धुरातली रसायनं व चिडलेल्या पेशींतून निघणारे ऑक्सिडंट त्या मेथिओनिनला ऑक्सिजन चिकटवतात. झालं, पकड गेली. म्हणजे एकाच झुरक्यात कापणारी एन्झाइम्स वाढतात आणि अडवणारं प्रथिन निकामी होतं. त्यात इलॅस्टिनचे तुटलेले तुकडे स्वतःच आणखी मॅक्रोफेज बोलावतात, म्हणून सिगारेट बंद केली तरी आतली जळजळ लगेच शांत होत नाही, बऱ्याच जणांत ती वर्षानुवर्षं थोडीफार राहते. मोठ्या माणसात इलॅस्टिनचं जाळं पुन्हा पहिल्यासारखं विणलं जात नाही. आता सांगा यात काढा काय धुणार?

मग सोडून काय मिळालं, तर पुढची झीज मंदावली. अमेरिका आणि कॅनडात ५,८८७ सिगारेट ओढणाऱ्यांचा मोठा अभ्यास झाला होता, सगळ्यांना सुरुवातीचा किंवा मध्यम आजार होता. जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर येते ते अकरा वर्षांनी परत मोजलं. जे पुरुष ओढत राहिले त्यांची दरवर्षी सुमारे ६६ मिली कमी झाली, ज्यांनी सोडून परत हात लावला नाही त्यांची सुमारे ३० मिली. तिशीनंतर वयामुळे सगळ्यांचीच थोडी घटते, साधारण त्याच वेगावर ते आले. बाबांना हे दोन आकडे सांगा. त्यांच्याकडे आत्ता जेवढं फुफ्फुस शिल्लक आहे ते त्यांनी दिवाळीत वाचवलंय, आणि ही फार मोठी गोष्ट त्यांनी केलीय, असं त्यांना घरच्यांनी तोंडावर सांगायलाही हवं. पल्मोनरी रिहॅबबद्दल, म्हणजे शिकवून करून घेतलेल्या चालण्याच्या आणि ताकदीच्या व्यायामाबद्दल, डॉक्टरांना जरूर विचारा, त्यानं दम लागणं खरंच कमी होतं.

प्रश्न: बहिणीला दमा आहे, तिला स्टेरॉइडचा पंप घेतला की फरक पडतो. माझा सीओपीडी आहे, मला तोच पंप दिला होता, काही विशेष फरक नाही. औषध हलकं होतं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: औषध हलकं असायची गरज नाही, पेशी वेगळ्या वागतात. स्टेरॉइड पेशीत जाऊन सूज वाढवणारी जीन्स बंद करतं, आणि त्यासाठी त्याला एचडॅक-२ नावाचं एन्झाइम हाताशी लागतं. सिगारेटच्या धुरातल्या ऑक्सिडेटिव्ह ताणानं हेच एन्झाइम कमी होतं. लंडनच्या पीटर बार्न्स यांच्या गटानं २००५ मध्ये दाखवलं की आजार जितका जास्त तितकं फुफ्फुसात एचडॅक-२ कमी. मग आशा होती की कमी डोसमध्ये थिओफिलिन हे दम्याचं जुनं औषध दिलं तर ते परत जागं होईल, पण २०१८ च्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत त्यानं आजार बळावण्याचे प्रसंग कमी झाले नाहीत. तरीही सीओपीडीच्या काही पेशंटांना, विशेषतः ज्यांच्या रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जास्त असतात, स्टेरॉइडचा फायदा होतो, म्हणून सीबीसी या साध्या रक्ततपासणीतला तो आकडा डॉक्टरांना दाखवा आणि पंप मनानं बंद करू नका.

प्रश्न: वय २३. दिवसाला चार-पाच, तेही लाइट. जिमला जातो, अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेतो. एवढं चालतं ना? – एक वाचक, पुणे

उत्तर: नाही चालत, आणि हे मी तुझ्या मोठ्या बहिणीच्या नात्यानं सांगतेय. लाइट सिगारेटच्या फिल्टरला बारीक भोकं असतात, मशीन ओढतं तेव्हा त्यातून हवा मिसळते आणि आकडा कमी येतो, माणूस मात्र भोकांवर बोटं ठेवतो, खोल ओढतो, निकोटिन पाहिजे तेवढं मिळवतोच. एका झुरक्यात एकावर पंधरा शून्यं इतके फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे कण, असतात असा अंदाज आहे. गोळ्यांचं म्हणशील तर फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, १९९४ मध्ये निकाल आला, बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर कमी तर झाला नाहीच, उलट १८ टक्के वाढला. अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ मध्ये मधेच थांबवावी लागली. तुझ्या डब्यावर बीटा-कॅरोटीन लिहिलंय का ते आजच बघ.

कॅन्सरची वाट वेगळी आहे. धुरातलं बेंझोपायरिन नावाचं रसायन आपलंच शरीर बाहेर टाकायच्या नादात बदलतं आणि त्यातून जे तयार होतं ते डीएनएतल्या ग्वानिन या घटकाला जाऊन चिकटतं. १९९६ मध्ये दिसलं की पी५३ या कॅन्सर रोखणाऱ्या जीनमध्ये ते ज्या जागी चिकटतं त्याच जागी फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये बिघाड सापडतात. रोज एक पाकीट वर्षभर ओढलं तर फुफ्फुसाच्या एकेका पेशीच्या डीएनएत सरासरी १५० नवे बदल होतात असा २०१६ चा हिशोब आहे. तू चार-पाचच ओढतोस म्हणून ते शून्य होत नाहीत. आणि एक खरोखर चांगली गोष्ट, २०२० मध्ये दिसलं की सिगारेट सोडलेल्यांच्या श्वासनलिकेत जवळपास निरोगी डीएनए असलेल्या पेशींचा मोठा गट परत येतो, काहींत २० ते ४० टक्के. ओढत राहणाऱ्यांत तो फार कमी सापडला. अजून वय आहे तुझं, आत्ताच सोड. एकट्याला जमत नसेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी क्विटलाइन फुकट आहे.

प्रश्न: सोडून तीन आठवडे झाले, खोकला वाढलाय, कफही पडतो. परत सुरू करू का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: अजिबात नाही! धुरातल्या ॲक्रोलिन वगैरे झोंबणाऱ्या रसायनांनी श्वासनलिकेवरच्या बारीक केसांची, म्हणजे सिलियांची, हालचाल मंद होते आणि कफ तयार करणाऱ्या पेशी वाढतात. आता सिलिया परत हलायला लागल्यात, साचलेला कफ वर ढकलतायत, त्यामुळे काही आठवडे असं होऊ शकतं. कफात रक्त दिसलं, ताप आला, वजन उतरलं किंवा खोकला लांबतच गेला तर मात्र एक्स-रे आणि टीबीसाठी थुंकीची तपासणी, टाळाटाळ नको.

प्रश्न: आईनं आयुष्यात सिगारेट-विडी काही ओढलं नाही, तरी सीओपीडी सांगितलाय. चूक झाली असेल का? – एक वाचक, गडचिरोली

उत्तर: चूक असेलच असं नाही. आई किती वर्षं चुलीपुढे बसल्या ते विचारा. लाकूड-गोवऱ्यांच्या धुरातही बारीक कण आणि तेच ॲक्रोलिन असतं, आणि मॅक्रोफेज ते कण पाहिल्यावर तशाच चिडतात. बायकांमध्ये हा आजार अनेकदा एम्फिसीमापेक्षा श्वासनलिका अरुंद होण्याच्या रूपात दिसतो. निदान मात्र फक्त छाती ऐकून झालं असेल तर स्पायरोमेट्री, म्हणजे जोरात फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी, करून घ्या, पंप घेतल्यानंतरही पहिल्या सेकंदाची हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी निघते का ते त्यात कळतं, आणि दमा की सीओपीडी हे ठरवायलाही मदत होते. रिपोर्ट आला की मला लिहा.