टॉर ब्राउझरच्या कनेक्शन सेटिंगमध्ये ब्रिज आणि प्रॉक्सी दोन्ही दिसतात, नेमकं काय भरायचं?

टॉर ब्राउझर, म्हणजे ओळख लपवण्यासाठी तुमची वाहतूक अनेक सर्व्हरमधून फिरवणारा ब्राउझर, कनेक्ट होता होता मधेच अडकतो म्हणून तुम्ही सेटिंग उघडलंत आणि तिथे हे दोन पर्याय बघून गोंधळलात. बहुतेकांनी या दोन्हींत काहीच भरायचं नसतं.

मला मात्र रिकामा रकाना बघवला नव्हता. टॉरचा पत्ता १२७.०.०.१ (म्हणजे आपलाच कॉम्प्युटर) आणि पोर्ट ९१५० असं कुठेतरी वाचलं होतं, तेच प्रॉक्सीत, म्हणजे बाहेर जाताना लागणाऱ्या मधल्या सर्व्हरच्या रकान्यात, ठोकून दिलं. म्हणजे टॉरला सांगितलं, बाहेर जायचंय ना, मग स्वतःच्याच दारातून आत ये! संध्याकाळभर कनेक्शनची पट्टी जागची हलली नाही. ९१५० हा बाकीच्या प्रोग्रॅमनी टॉरकडे यायचा पोर्ट आहे. ब्राउझरशिवाय नुसता टॉर चालवला तर तो सहसा ९०५० असतो. प्रॉक्सीचा रकाना भरायचा तो तुमचं नेटवर्क स्वतःच्या प्रॉक्सीशिवाय कुणाला बाहेरच सोडत नसेल तर. तसं असेल तर तो पत्ता नेहमीच्या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये बहुधा आधीच सापडेल.

ब्रिजचं काम वेगळं. टॉरच्या साध्या रिलेंची, म्हणजे वाहतूक पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरची, यादी जाहीर असते, त्यामुळे टॉर अडवणाऱ्या नेटवर्कला फार डोकं चालवावं लागत नाही. ब्रिज हेही रिलेच, पण त्यांचे पत्ते त्या यादीत नसतात, म्हणून टॉर अडवलेला असेल तर ते वापरायचे. मी आधी स्नोफ्लेक नावाचा ब्रिज लावून बघतो: स्वयंसेवकांच्या ब्राउझरमधून जाणारी ही वाहतूक बाहेरून व्हिडिओ कॉलसारखी दिसते. वेग कधी कधी रडवतो. ओबीएफएस४ (वाहतुकीचं रूप लपवणारा प्रकार) चा ब्रिज मागवलात तर त्याची ओळ अख्खी चिकटवा. पत्ता आणि पोर्ट, मग ब्रिजची ओळख पटवणारा ४० अक्षरांचा फिंगरप्रिंट, त्यामागे सर्टची (सर्टिफिकेटची) लांबलचक अक्षरमाळ. मेसेजमधून कॉपी करताना हीच माळ मधे तुटते आणि आपण ब्रिजला शिव्या घालत बसतो.

पण हे सगळं करण्याआधी घड्याळ बघा. कॉम्प्युटरची वेळ काही तासांनी चुकली, एएमचं पीएम झालं किंवा टाइमझोन भलताच असला, तरी टॉर अडकतो, आणि लॉगमध्ये, म्हणजे टॉर ठेवतो त्या नोंदींमध्ये, तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. लॉग त्याच कनेक्शनच्या पानावर तळाशी आहे.

वेळ बरोबर असूनही अडकलं तर लॉगच्या शेवटच्या पाच-सहा ओळी इथे टाका. ब्रिजचा पत्ता तेवढा खोडून.